ठिपके होते, एलसी३ नव्हतं: एका अँटिबॉडीची झडती

प्रयोगशाळेत अँटिबॉडी संपत आली की नवी मागवायची, लॉट नंबर वहीत टिपायचा आणि काम पुढे न्यायचं, ही रोजची रीत. हे प्रकरणही तिथूनच सुरू झालं. एलसी३-बी हे प्रथिन ओळखणारी, सशात तयार केलेली पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक प्रकारच्या रेणूंची मिसळ असलेली, अँटिबॉडी होती. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारा रेणू. कॅटलॉग क्रमांक तोच, फक्त लॉट नवा. आणि इतके दिवस चेतापेशींत लखलखणारे ठिपके नव्या व्हायलनं (कुपीनं) दिसेनासे झाले.

काम करणाऱ्या विद्यार्थिनीनं आधी स्वतःलाच दोष दिला. धुणं जास्त झालं असेल, पातळ करताना शून्य चुकलं असेल. तिनं तीनदा करून पाहिलं. मी नव्या लॉटला दोष दिला आणि पुरवठादाराला तक्रारीचा मेलही लिहायला घेतला. तो पाठवला नाही हे नशीबच. खोट जुन्या व्हायलमध्ये होती आणि आमचा अर्धा निष्कर्ष त्या व्हायलवर उभा होता.

आम्ही काय शोधत होतो

उंदराच्या गर्भाच्या मेंदूतून बाह्यकातल्या चेतापेशी काढायच्या, बशीत चौदा दिवस वाढवायच्या, त्यांना एक छोटं संयुग द्यायचं आणि ऑटोफॅजी वाढते का ते पाहायचं, असा मूळ बेत. ऑटोफॅजी म्हणजे पेशीनं स्वतःचाच निकामी माल दुहेरी पडद्याच्या पिशवीत भरून लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या पचनगृहाकडे, पचवायला धाडणं. चेतापेशीला याची गरज इतरांहून जास्त, कारण ती विभागत नाही. साठलेला कचरा दोन लेकींत वाटून हलकं व्हायची सोय तिला नाही. २००६ साली जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या मेंदूतून एटीजी५ आणि एटीजी७ ही ऑटोफॅजीला लागणारी जनुकं वेगवेगळी काढून पाहिली. बाहेरून कुठलंही रोगकारक प्रथिन न घालता चेतापेशींत प्रथिनांचे गोळे साठले आणि उंदरांच्या हालचाली बिघडल्या. तेव्हापासून मेंदूत ऑटोफॅजी वाढवणारं काही हाती लागलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. आमचेही चमकले होते.

एलसी३ हे या पिशवीवरचं ओळखपत्र समजा. ते आधी उंदीरवर्गीय प्राण्याच्या मेंदूतूनच, मायक्रोट्युब्यूलला (पेशीच्या सांगाड्यातल्या नळ्यांना) चिकटून राहणाऱ्या प्रथिनांच्या सोबतीनं मिळालं होतं. नावातलं ‘लाइट चेन ३’ हे त्या काळचं. ते यीस्टमधल्या एटीजी८ या प्रथिनाचं भावंड आहे आणि ऑटोफॅजीच्या पिशवीवर बसतं, हे २००० साली स्पष्ट झालं. एलसी३-बी १२५ अमिनो आम्लांचं. तयार होताच एटीजी४ हे विकर त्याचं शेपूट छाटतं आणि १२० व्या जागेवरचं ग्लायसिन उघडं पडतं. हे झालं एलसी३-एक, पेशीद्रवात मोकळं फिरणारं. पुढे त्या ग्लायसिनला फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन हा मेद जोडला जातो आणि प्रथिन पडद्याला चिकटतं. ते एलसी३-दोन.

वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, मेंब्रेनवर उतरवून अँटिबॉडीनं ओळखण्याची पद्धत) दोन्ही पट्ट्या एकमेकींलगत दिसतात, आणि इथे नवा माणूस हमखास गोंधळतो. मेद जोडल्यानं जड झालेलं एलसी३-दोन जेलमध्ये उलट पुढे पळतं आणि हलक्या प्रथिनाच्या जागी, १४ ते १६ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास दिसतं. एलसी३-एक त्याच्या वर, १६ ते १८ च्या पट्ट्यात. सूक्ष्मदर्शकाखाली तेच चित्र वेगळं दिसतं: एलसी३-एक म्हणजे सगळीकडे पसरलेली फिकट झिलई, तर एलसी३-दोन म्हणजे ठिपके.

संयुग दिल्यावर ब्लॉटवर खालची पट्टी गडद झाली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या मुख्य अंगात ठिपके वाढले. दोन पद्धती, एकच उत्तर. सादरीकरणाची स्लाइडही तयार झाली. दोन्ही पद्धतींत अँटिबॉडी एकच आहे, म्हणजे दोन साक्षी असल्या तरी साक्षीदार एकच, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

जुन्या व्हायलची झडती

आम्ही जुन्या लॉटचे उरलेले काही मायक्रोलिटर जपून ठेवले आणि दोन्ही लॉट शेजारीशेजारी लावले. ब्लॉटवर दोघांत काडीचा फरक नव्हता. फरक होता तो फक्त फॉर्माल्डिहाइडनं फिक्स केलेल्या, म्हणजे आहेत तशा पक्क्या केलेल्या, पेशींत.

पहिली तपासणी नेहमीची: प्राथमिक अँटिबॉडी न घालता फक्त सेकंडरी, म्हणजे प्राथमिकला धरणारी, चमकता रंग लावलेली दुसरी अँटिबॉडी. चित्र काळंभोर. अँटिबॉडी बनवायला काहीही न टोचलेल्या सशाचं सिरम लावलं, तेही काळंच. म्हणजे ठिपके जुन्या अँटिबॉडीमुळेच दिसत होते, सेकंडरीचा किंवा पेशीच्या स्वतःच्या चमकेचा तो खेळ नव्हता. वयस्क मेंदूच्या कापांत लिपोफ्युसिन या वयानुसार साठणाऱ्या रंगद्रव्याची पिवळट चमक असाच दगा देते, पण चौदा दिवसांच्या पेशींत तो प्रश्न येत नाही.

दुसरी तपासणी पेप्टाइडची. अँटिबॉडी ज्या पेप्टाइडवर (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावर) तयार केली तेच आधी तिच्यात मिसळायचं, मग लावायची. ठिपके गायब! विद्यार्थिनी धावत आली, “सर, ठिपके खरे आहेत, पेप्टाइडनं गेले.” मीही मान डोलावली. तिथे एक पूर्ण आठवडा गेला.

ही तपासणी इतकी सर्रास केली जाते की तिच्यातली फट चटकन दिसत नाही. पॉलिक्लोनल अँटिबॉडी शुद्ध करतात ती त्याच पेप्टाइडच्या कॉलमवरून. म्हणजे व्हायलमधला प्रत्येक रेणू त्या पेप्टाइडला चिकटणाराच असतो. त्यातले काही पेशीत भलत्याच प्रथिनाला चिकटत असतील, तर तेही त्याच हातांनी चिकटतात. हात पेप्टाइडनं भरले की खरं बंधन जातं आणि खोटंही जातं. आपण या तपासणीतून सिद्ध काय करतो? अँटिबॉडीला स्वतःचं पेप्टाइड ओळखू येतं, एवढंच. ते तर कॉलमनं आधीच सिद्ध केलेलं होतं.

तिसरी तपासणी एटीजी५ नसलेल्या उंदराच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींवर. या पेशींत मेद जोडण्याची यंत्रणाच मोडलेली, त्यामुळे एलसी३-दोन तयार होत नाही. ब्लॉटवर अगदी तसंच दिसलं: खालची पट्टी नाही, वरची भरघोस. नव्या लॉटनं सूक्ष्मदर्शकाखाली फक्त फिकट झिलई दाखवली. जुन्या लॉटनं मात्र ठिपके दाखवले, छान गोल, टोकदार उजेडाचे.

इथे आमच्यातल्या एका चिकित्सक सहकाऱ्यानं बरोबर बोट ठेवलं. एलसी३ प्रथिनांच्या गोळ्यांत नुसतंच अडकून, ऑटोफॅजीशिवायही ठिपके देऊ शकतं. हे २००७ पासून माहीत आहे. मग एटीजी५ नसलेल्या पेशीत ठिपका दिसला तर अँटिबॉडी खोटी कशी? ठिपका खराखुरा एलसी३ चाच असेल, फक्त पिशवीवरचा नसेल. मुद्दा बिनतोड होता. एटीजी५ काढून ‘हा ऑटोफॅजीचा ठिपका आहे का’ हे कळतं, ‘हा एलसी३ चा ठिपका आहे का’ हे नाही.

म्हणून चौथी तपासणी. तीच पहिली करायला हवी होती. उंदराच्या न्यूरो-२ए पेशींत (चेतापेशींसारख्या, अर्बुदातून वाढवलेल्या) क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रानं एलसी३-बी चं जनुकच मोडलं. अँटिबॉडी प्रथिनाच्या ज्या टोकाच्या पेप्टाइडवर बनली, ते सुरुवातीचं टोक एलसी३-बी आणि त्याचं भावंड एलसी३-ए यांच्यात वेगळं आहे. पुढचा मधला भाग जवळजवळ सारखा. त्यामुळे जनुक मोडल्यावर दोन्ही पट्ट्या जायला हव्यात अशी अपेक्षा होती. तसंच झालं: जुना लॉट असो की नवा, ब्लॉट कोरा. मग तीच पेशी, तोच जुना लॉट, सूक्ष्मदर्शकाखाली. ठिपके जसेच्या तसे.

विद्यार्थिनीनं स्क्रीनकडे बघत बराच वेळ काही म्हटलं नाही. मग शांतपणे म्हणाली, “मग मी तीन महिने काय मोजत होते?”

एकच व्हायल, दोन वागणुका

ब्लॉटमध्ये खरी आणि पेशीत खोटी, असं का व्हावं? ब्लॉटमध्ये प्रथिनं एसडीएस या डिटर्जंटनं उकळून सरळ केलेली असतात आणि आकारानुसार वेगळी झालेली असतात. भलतं प्रथिन चिकटलंच तर ते ५० किंवा ९० किलोडाल्टनपाशी दिसतं. आपण मेंब्रेनचा तळचा भाग कापून घेतलेला असतो, म्हणून तेही दिसत नाही. आमचंही तसंच झालं होतं. मेंब्रेन वाचवायच्या नादात वरचा भाग अॅक्टिन या तुलनेच्या प्रथिनासाठी कापून वेगळा ठेवला होता. पुढे अख्खं मेंब्रेन जुन्या लॉटमध्ये भिजवलं, तेव्हा वर बऱ्यापैकी ठळक दोन पट्ट्या निघाल्या, एलसी३-बी नसलेल्या पेशींतसुद्धा. पेशीत वजनाची चाळणी नाही. जे चिकटतं ते सगळं एकाच रंगात चमकतं.

आणि नवा लॉट पेशीत मुका का? त्याचं उत्तर त्या पेप्टाइडच्या टोकातच आहे. एलसी३-बी ची सुरुवात मेथिओनिन, प्रोलिन, सेरिन, ग्लुटामेट, लायसिन, थ्रिओनिन, फेनिलअॅलनिन, लायसिन अशी होते. पाचव्या आणि आठव्या जागेवर लायसिन. फॉर्माल्डिहाइड पहिलं धरतं ते लायसिनच्या अमिनो गटालाच. म्हणजे आम्ही अँटिबॉडीला जे दाखवायचं तेच फिक्स करताना झाकून टाकत होतो. हाच नवा लॉट उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये फिक्स केलेल्या पेशींवर लावला, आणि बाफिलोमायसिन (लायसोसोमचं पचन थांबवणारं औषध) दिलेल्या न्यूरो-२ए पेशींत बारीक, खरे ठिपके उगवले. जनुक मोडलेल्या पेशींत ते नव्हते.

मिथेनॉलचं दुखणं वेगळं. चेतापेशींचे बारीक तंतू त्यात आक्रसतात, तुटतात. मण्यांची माळ ओघळावी तसे दिसतात. म्हणून चेतापेशींसाठी शेवटी सशाचीच, पण जनुकक्रम ठरलेली रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल (एकाच प्रकारच्या रेणूंची) अँटिबॉडी घेतली आणि फॉर्माल्डिहाइडमध्येच, जनुक मोडलेल्या पेशींवर पारखली. उंदराची मोनोक्लोनल का नाही, असं विचारलं जातं. उंदराच्या मेंदूच्या कापांवर उंदराची अँटिबॉडी लावली की सेकंडरी ऊतीतल्या मूळ इम्युनोग्लोब्युलिनलाही धरते, आणि मग मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रक्षक पेशी) उगाच चमकतात. पुढे कापांवर काम करायचं होतंच.

भेदक द्रवाबद्दलही, म्हणजे अँटिबॉडी आत शिरावी म्हणून पेशीच्या पडद्याला छिद्रं पाडणाऱ्या द्रवाबद्दलही, दोन शब्द. सॅपोनिनसारख्या डिटर्जंटमुळे जीएफपी हे चमकणारं प्रथिन जोडलेल्या एलसी३ चे कृत्रिम ठिपके तयार होतात हे छापून आलेलं आहे. तरी प्रोटोकॉलमध्ये ‘०.१ टक्का सॅपोनिन’ असं लिहिलेलं पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहतं. आमच्या वहीतही होतं. कुणी लिहिलं, का लिहिलं, कुणालाच सांगता आलं नाही.

आणि मग ब्लॉटही फिरला

सूक्ष्मदर्शकाचा निष्कर्ष गेला, तरी ब्लॉट शाबूत होता. संयुग दिल्यावर खालची पट्टी खरंच वाढत होती. म्हणजे निदान ऑटोफॅजी वाढते हे तरी खरं? तेही नाही.

आधी एक हिशेबाची चूक निघाली. विद्यार्थिनी एलसी३-दोन ला एलसी३-एक नं भागत होती. मेंदूत एलसी३-एक भरमसाट असतं, पट्टी लगेच संपृक्त होते आणि मोजणीत बसत नाही. शिवाय एलसी३-एक नाजूक. नमुना गोठवून वितळवला की तेच आधी विरतं. आम्ही एकच नमुना तीन वेळा गोठवून-वितळवून शेजारीशेजारी चालवला. संयुग नाही, काही नाही, तरी वरची पट्टी पायरीपायरीनं फिकट होत गेली आणि गुणोत्तर ‘वाढलं’. तेव्हापासून एलसी३-दोन ची तुलना अॅक्टिनशी, आणि नमुना एकदाच वितळवायचा. मेंब्रेनही ०.२ मायक्रॉन छिद्रांचं पीव्हीडीएफ, नाहीतर इतकं छोटं प्रथिन आरपार निघून जातं.

पण खरी चूक तर्काची होती. पिशव्या जास्त दिसणं म्हणजे पिशव्या जास्त तयार होणं, असं आम्ही धरून चाललो होतो. नळ जोरात सोडला तरी बादली भरते आणि मोरी तुंबली तरी भरते. एलसी३-दोन चा काही भाग पिशवीच्या आतल्या पडद्यावर असतो आणि लायसोसोममध्ये पचतो. पचन थांबलं की पट्टी आपोआप गडद होते. फरक कळायला मोरी मुद्दाम बंद करून पाहावं लागतं. बाफिलोमायसिन लायसोसोमचा आम्ल-पंप बंद करतं. चार खाने: काही नाही, फक्त संयुग, फक्त बाफिलोमायसिन, दोन्ही मिळून. १०० नॅनोमोलर, चार तास. रात्रभर ठेवलं तर चेतापेशी मरतात आणि मग मोजायला काहीच उरत नाही.

संयुगानं निर्मिती वाढत असती तर चौथी पट्टी तिसरीपेक्षा गडद यायला हवी होती. आली ती तिसरीइतकीच. म्हणजे मोरी आधीच तुंबलेली असली की आमचं संयुग काहीच भर घालत नव्हतं. पी६२, म्हणजे पिशवीत माल खेचून नेणारं आणि मालाबरोबर स्वतःही पचणारं प्रथिन, संयुगानं वाढलेलं निघालं. पी६२ एकट्यावर विसंबू नये, त्याचं जनुक इतर कारणांनीही जोर धरतं. म्हणून लायसोसोममध्ये कापलं गेल्यावरच चमकणारं डीक्यू-बीएसए दिलं. संयुग घेतलेल्या पेशींत त्याची चमक मंद होती.

मग आम्ही संयुगाची रचना पुन्हा उघडून पाहिली, जी पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होती. एका टोकाला मेदप्रिय कडी, दुसऱ्या टोकाला क्षारधर्मी अमाइन. क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाच्याच घाटाची. असे रेणू आम्लधर्मी लायसोसोममध्ये शिरतात, तिथे प्रोटॉन घेऊन अडकून पडतात आणि आतलं आम्ल उतरवतात. ‘ऑटोफॅजी वाढवणारं’ म्हणून आम्ही ज्याचं कौतुक करत होतो ते लायसोसोमची मोरी तुंबवत होतं.

जाता जाता आणखी एक गुंता. असे अमाइन एलसी३ ला लायसोसोमच्या एकेरी पडद्यावरही जोडायला लावतात. त्याचा नेहमीच्या ऑटोफॅजीशी संबंध नाही, पण एटीजी५ लागतं. म्हणजे एटीजी५ नसलेल्या पेशीत हाही ठिपका जाईल आणि आपण त्याला ऑटोफॅजी म्हणून मोकळे होऊ. वेगळं काढायचं असेल तर नेहमीच्या ऑटोफॅजीलाच लागणारं एफआयपी२०० किंवा एटीजी१३ हे जनुक मोडलेली पेशी हवी.

चेतापेशीनं आधीच इशारा दिला होता

मागे वळून पाहताना सगळ्यात खटकतं ते हे, की ते ठिपके दिसायलाच नको होते. म्हणजे इतके नकोत. निरोगी चेतापेशीत ऑटोफॅजी सतत चालू असते, पण पिशव्या इतक्या झपाट्यानं पचतात की एका वेळी थोड्याच सापडतात. बऱ्याचशा तयार होतात त्या मुख्य अंगापासून लांब, अॅक्सॉनच्या (चेतापेशीच्या लांब तंतूच्या) टोकाशी. तिथून डायनीन हे वाहक प्रथिन त्यांना ओढत मुख्य अंगाकडे आणतं आणि वाटेतच त्या आम्लधर्मी होत जातात. आमच्या चित्रांत मात्र काही न दिलेल्या पेशीतही मुख्य अंग ठिपक्यांनी गच्च आणि अॅक्सॉनचं टोक रिकामं. चित्र देखणं होतं, म्हणून कुणी भौगोलिक प्रश्न विचारला नाही.

हमखास ऑटोफॅजी दाखवणारा नमुना म्हणून आम्ही पेशी उपाशी ठेवत होतो. यकृताच्या पेशीत हे जोरात चालतं. मेंदूत नाही: जीएफपी-एलसी३ असलेल्या उंदरांना दोन दिवस उपाशी ठेवूनही मेंदूत ठिपके वाढले नाहीत, हे २००४ सालीच दिसलं होतं. बशीतल्या चेतापेशींना दिल्या जाणाऱ्या बी२७ पुरवणीत तर इन्सुलिन असतं, जे ऑटोफॅजी दाबून ठेवतं. आमच्या उपाशी पेशींत जुन्या लॉटनं ठिपके वाढलेले दाखवले नव्हते. तो इशारा होता. आम्ही त्याला ‘प्रयोग नीट झाला नाही’ असं नाव देऊन बाजूला ठेवलं. आता खात्रीचा नमुना म्हणून बाफिलोमायसिनच वापरतो.

रिकॉम्बिनंट अँटिबॉडीनं पुन्हा मोजलं तेव्हा काही न दिलेल्या पेशीत मुख्य अंगात तुरळक ठिपके दिसले आणि अॅक्सॉनच्या टोकांशी दोनचार, काहीसे वळ्यासारखे. संयुग दिल्यावर मुख्य अंगात मोठे, लायसोसोमच्या खुणेवर बसलेले ठिपके साठले. ब्लॉट, पी६२ आणि डीक्यू-बीएसए जे सांगत होते तेच.

ती स्लाइड काढून टाकली. संयुगाचं काम थांबलं नाही. फक्त फाइलचं नाव बदललं, ‘ऑटोफॅजी वर्धक’ जाऊन ‘लायसोसोम रोधक’ झालं. जुन्या व्हायलमध्ये अजून थोडं शिल्लक आहे आणि ब्लॉटमध्ये ती आजही उत्तम चालते. तिच्यावर विद्यार्थिनीनं जाड मार्करनं लिहिलंय: ‘फक्त ब्लॉट. अख्खं मेंब्रेन. सूक्ष्मदर्शकाखाली नेऊ नये.’ परवा रिकॉम्बिनंटची नवी व्हायल आली, तेव्हा कुणी सांगायच्या आत विद्यार्थिनी एलसी३-बी नसलेल्या पेशींची काच फिक्स करायला बसली होती.